वाघीण मध्येच उठून गेली

ताई, नमस्कार.

आम्ही चौघी कॉलेजपासूनच्या मैत्रिणी, आता साठीच्या आसपास. नावं देत नाही, तेव्हाची टोपणनावंच सांगते: मास्तरीण, एक्सप्रेस, वाघीण आणि मी. त्या वयात तास बुडवून सिनेमे पाहिले. मग लग्नं, नोकऱ्या, बदल्या यांत पांगलो. दोनेक वर्षांपूर्वी पुन्हा जमलो आणि ठरवलं की महिन्यातून एकदा नवा सिनेमा बघायचा, तोही थिएटरातच. मारधाड नको, माणसांच्या गोष्टी सांगणारे गंभीर सिनेमे. निवड पाळीपाळीनं.

गेल्या महिन्यात माझी पाळी होती. विस्मरणाचा आजार झालेली आई आणि तिला सांभाळणारी मुलगी, असा विषय. परीक्षणं चांगली होती. माझी आई गेली त्याला वर्ष होत आलं. हा सिनेमा मला बघायचाच होता, पण एकटीनं बघायची हिंमत होत नव्हती. मध्यंतरानंतर थोड्या वेळानं वाघीण उठली आणि आमचे गुडघे ओलांडत बाहेर गेली. मला वाटलं, बाथरूमला गेली असेल. ती परत आलीच नाही. 'घरी जातेय, तुम्ही बघा' एवढाच मेसेज आला. उरलेला सिनेमा मी दाराकडे बघत काढला.

बाहेर आल्यावर मास्तरीण म्हणाली, "हा आपला अपमान आहे. दोन तास बसवत नाही का हिला?" एक्सप्रेस नेहमीसारखी तोवर निघूनही गेली होती. रात्री मी ग्रुपवर लिहिलं, 'सिनेमा अर्धवट सोडायचा असेल तर आधी सांगावं, म्हणजे दुसऱ्यांचा विचका होत नाही.' वाघिणीनं नुसता अंगठा टाकला. तेव्हापासून ग्रुप गप्प आहे. मास्तरीण म्हणते, यापुढे फक्त विनोदी सिनेमे बघू, नाहीतर हे सगळं बंद करू.

माझं चुकलं का? आणि आता काय बघावं, की बघूच नये? खरं सांगायचं तर एरवीही आम्ही बाहेर आल्यावर 'छान होता' म्हणतो आणि आपापल्या वाटेनं जातो. त्यात मास्तरीण सिनेमाभर "काय म्हणाला तो?" असं विचारत असते, त्यावरून कुरबुरी. एवढ्या जुन्या मैत्रिणी, खुर्चीला खुर्ची लावून बसतो, आणि एकमेकींचं काही म्हणता काही कळत नाही.

— चौथी

नमस्कार चौथीताई,

आधी फोन करा. वाघिणीला, एकटीला, आणि मेसेज नव्हे, फोनच. तो झाला की मग हे पुढचं वाचलंत तरी चालेल, कारण तुमचे बाकीचे प्रश्न सवडीचे आहेत. अबोला पहिल्या आठवड्यात एका वाक्यानं मोडतो, महिन्यानंतर त्याला निमित्त लागतं आणि वर्षानंतर मध्यस्थ. तुम्ही महिन्यापाशी येऊन ठेपला आहात. निमित्त म्हणून हे पत्र पुरे.

तुमचं चुकलं का, तर सिनेमा निवडण्यात मुळीच नाही. पाळी तुमची होती आणि विषय काही तुम्ही लपवला नव्हता. चुकलं ते रात्री ग्रुपवर लिहिण्यात. मजकूर फार जहरी होता असंही नाही. तोच दुसऱ्या दिवशी फोनवर "अगं, सांगून तरी जायचंस" अशा सुरात आला असता तर वाघिणीनं दोन शब्द सुनावले असते, तुम्ही चार, आणि विषय संपला असता. पण एकीला बोलायचं ते चौघींसमोर लिहिलं की पंचायत भरते. शिवाय विचका झाला तो तुमच्या एकटीचा. मास्तरीण चिडली होती, तिचा सिनेमा बिघडला नव्हता. एक्सप्रेसला तर फरकही पडला नसावा. तरी तुम्ही तिघींच्या वतीनं लिहिलंत, आणि वाघिणीला दिसलं असं की त्या तिघी एका बाजूला आहेत. अशा वेळी माणूस अंगठाच टाकतो. त्याचा अर्थ 'वाचलं, आता पुरे' एवढाच असतो. 'ठीक आहे' असा कधीच नसतो.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या ओळीपाशी मी थांबले ती सांगते. 'एकटीनं बघायची हिंमत होत नव्हती.' हे तुम्ही मला लिहिलंत. त्या तिघींना सांगितलं होतंत का? पत्रावरून तरी तसं वाटत नाही. त्यांच्या समजुतीप्रमाणे चौथीनं एक चांगला गाजलेला सिनेमा निवडला होता. तुम्ही मात्र आईला भेटायला निघाला होतात आणि सोबतीला तीन मैत्रिणी घेतल्या होत्यात, कुठे चाललो आहोत ते न सांगता. यात लबाडी नाही. आईच्या जाण्याला वर्ष होत आलं की अंगात एक अस्वस्थपणा येतो, आणि तो माणूस कुठे ना कुठे घेऊन जातोच. पण झालं असं की वाघीण उठली तेव्हा तिच्या लेखी ती एका सिनेमातून उठली, आणि तुमच्या लेखी ती तुमच्या आईच्या उशापासून उठून गेली. तुमचा राग त्याचा आहे. शिस्तीचा आणि अपमानाचा मामला मास्तरणीनं नंतर जोडला, आणि तुम्ही तो जोडू दिलात, कारण 'मला आईसाठी तुम्ही हव्या होतात' हे म्हणण्यापेक्षा 'आधी सांगावं' हे म्हणणं सोपं होतं.

म्हणून फोनवर हेच सांगा. साधारण असं: "मी तो सिनेमा का निवडला ते तुम्हाला बोललेच नव्हते. आईला जाऊन वर्ष होतंय, एकटीनं बघवला नसता. तू गेलीस तेव्हा मला एकदम एकटं वाटलं, आणि त्या रागात ग्रुपवर नको ते लिहिलं. चुकलं माझं." एवढं बोलून गप्प बसा. पलीकडून काही येईपर्यंत थांबायची तयारी ठेवा. आणि "पण तुला झालं काय होतं?" हा प्रश्न कृपा करून विचारू नका. तो विचारलात की माफीची चौकशी होते.

ती का उठली हे मला माहीत नाही, तुम्हाला नाही, आणि मास्तरणीला तर नाहीच नाही. तिच्या घरात कुणीतरी नावं विसरायला लागलं असेल. तिला स्वतःलाच हल्ली किल्ल्या सापडत नसतील आणि तिनं धसका घेतला असेल. कंबर भरून आली असेल. किंवा सिनेमा तिला नुसताच रटाळ वाटला असेल, तेही शक्य आहे. गाजलेला प्रत्येक सिनेमा प्रत्येकीला भावलाच पाहिजे असं काही नाही. मला एवढंच दिसतं की विशीत जिला वाघीण म्हणून डोक्यावर घेतलं, तिला साठीत 'मला हे बघवत नाही' असं तीन जुन्या मैत्रिणींसमोर म्हणणं अवघड जात असणार. तिनं "डोकं दुखत होतं गं" असं सांगितलं तर "हो का, आता बरं आहे ना?" म्हणा आणि सोडून द्या. इतक्या वर्षांच्या मैत्रीत डोकेदुखीची सबब चालवून घ्यायची असते. खरं कारण यायचं असेल तर ते त्याच्या वेळेनं येईल.

आता विनोदी सिनेमांच्या तोडग्याबद्दल. मास्तरणीचा हेतू चांगला आहे, पण रोग एक आणि औषध भलतंच. एक तर विनोदी म्हणून जे खपतं ते निरुपद्रवी असतंच असं नाही. 2022 चा 'द बॅन्शीज ऑफ इनिशेरिन' घ्या. गोल्डन ग्लोबमध्ये त्याला विनोदी आणि संगीतमय सिनेमांच्या विभागात सर्वोत्कृष्ट ठरवलं गेलं. गोष्ट काय, तर एक माणूस अचानक एके दिवशी आपल्या जुन्या मित्राशी बोलणं तोडतो, आणि 'पुन्हा बोललास तर मी माझी बोटं छाटीन' अशी धमकी देतो. तुमच्या ग्रुपच्या आत्ताच्या प्रकृतीला हा 'विनोदी' सिनेमा कितपत मानवला असता, सांगा! पाटी बघून सिनेमा कळत नाही.

दुसरं म्हणजे, तुम्ही चौघी गंभीर सिनेमांकडे उगाच वळलेल्या नाही. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला होता. माणसांना चॉकलेट चाखायला दिलं, कधी शेजारच्या व्यक्तीनंही त्याच वेळी तेच चाखलं, कधी ती दुसरंच काही करत होती. आपसात बोलायचं नाही. जोडीनं चाखलेलं चॉकलेट लोकांना जास्त आवडलं. मग अगदी कडू चॉकलेट दिलं, तर ते जोडीनं चाखताना जास्त नकोसं वाटलं. म्हणजे सोबतीनं गोड अधिक गोड होतं आणि कडू अधिक कडू. दुःख वाटल्यानं हलकं होतं असं आपण सरसकट म्हणतो, पण अंधारात, न बोलता, शेजारी बसून घेतलेलं दुःख आधी जड होतं. हलकं व्हायचं असेल तर ते बोलल्यावर. तुम्ही पहिला अर्धा भाग नियमानं पार पाडता आणि दुसरा टाळून घरी जाता.

ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांच्या गटाचाही 2016 चा एक प्रयोग आहे, तो मला फार आवडतो. काही लोकांना एकत्र बसवून एका बेघर माणसाच्या आयुष्यावरचा हृदय पिळवटणारा सिनेमा दाखवला, काहींना साधे माहितीपट. आधी आणि नंतर सगळ्यांना भिंतीला पाठ टेकवून, खाली खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखं बसायला लावलं. मांड्या थरथरायला लागेपर्यंत कोण किती टिकतं ते मोजलं. सिनेमा बघून आलेल्यांची सहनशक्ती वाढली होती आणि सोबत बसलेल्या अनोळखी लोकांबद्दल आपलेपणाही वाढला होता. ज्यांची एक गोष्ट वाढली त्यांचीच दुसरी वाढली. पण सगळ्यांवर परिणाम सारखा नव्हता, हे मास्तरणीला जरूर सांगा. एकाच रांगेत बसून एकच सिनेमा बघणाऱ्या चौघी चार वेगळ्या ठिकाणी पोचतात. त्यातल्या एकीला दाराशी पोचावंसं वाटलं तर त्यात अपमान कुणाचाच नाही.

तेव्हा गंभीर सिनेमे सोडू नका. मात्र घेऊन जाण्याची रीत बदला.

जिची पाळी, तिनं तिकिटं काढण्याआधी बाकीच्यांना दोन वाक्यांत सांगायचं की यात काय आहे आणि मला तो का बघायचाय. दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा. आजार, मूल दगावणं, आत्महत्या, बाईवरचा अत्याचार, असं काही असेल तर ते नाव घेऊन सांगायचं. गोष्ट फुटेल ही भीती बाळगू नका. सीतेचं पुढे काय होणार हे ठाऊक असूनही माणसं पिढ्यान्पिढ्या रडत आली आहेत, आणि ग्रीक शोकांतिकांच्या प्रेक्षकांना तर शेवट बहुधा आधीच माहीत असायचा. काय येणार हे माहीत असलं तरी ते कसं येतं ते बघायला आपण जातो. परीक्षणातले तारे याबाबतीत काही कामाचे नाहीत. प्रमाणपत्रावरची वयाची अटही नाही, ती मुलांना काय दाखवू नये ते सांगते. साठीतल्या बाईला काय झोंबेल ते तिला कसं कळणार? ते तुम्हा चौघींनाच एकमेकींचं माहीत असायला हवं. ते नाही, हीच तर तुमची तक्रार आहे. मग निवडीच्या या दोन वाक्यांपासून सुरुवात करा. "नको गं, हा मला नाही झेपायचा" एवढं एकीनं म्हटलं तरी त्या दिवशी तुम्हाला तिच्याबद्दल गेल्या दोन वर्षांत कळलं नाही इतकं कळलेलं असेल.

आणि नको म्हटलं तर ती त्या महिन्यापुरती बाद नाही. बाकीच्या तिघी सिनेमा बघतील, ती नंतर भेटायला येईल. हे सुरुवातीलाच ठरवून टाका, म्हणजे नकार द्यायला धैर्य लागणार नाही.

खुर्च्यांचं बघा. तुम्ही लिहिलंत की ती तुमचे गुडघे ओलांडत गेली, म्हणजे ती आत बसली होती. घरी टीव्हीसमोर माणूस "गॅस बघून येते" म्हणून उठतो आणि दोन मिनिटं श्वास घेऊन परत येतो, कुणाच्या लक्षातही येत नाही. थिएटरात तसं उठणं म्हणजे जाहीर घोषणा. आतून बाहेर पडताना इतके त्रास दिलेले असतात की परत यायचीही लाज वाटते. मला तर शंका आहे की तिला फक्त पाच मिनिटं हवी होती. ज्या दोघींना विषय जड जाण्याची शक्यता असेल त्यांनी कडेला बसावं, आणि उठणारीनं शेजारणीच्या हाताला नुसता स्पर्श करून जावं. तेवढ्यानं 'मी ठीक आहे' असं कळतं आणि कुणाला उरलेला सिनेमा दाराकडे बघत काढावा लागत नाही.

लांबीही बघत चला. गंभीर सिनेमे हल्ली चांगलेच लांबले आहेत. 'ओपनहायमर' तीन तासांचा, 'किलर्स ऑफ द फ्लॉवर मून' त्याहून पंचवीसेक मिनिटं जास्त. 'द ब्रुटलिस्ट'च्या दिग्दर्शकानं तर साडेतीन तासांच्या सिनेमात पंधरा मिनिटांचं मध्यंतर स्वतःच घातलं. आपल्याला मध्यंतराची सवय आहे, बऱ्याच ठिकाणी लोकांना त्याचं अप्रूप वाटलं. कलेला वेळ लागतो हे मान्य, पण आपल्या गुडघ्यांनाही काही म्हणायचं असतं. अडीच तासांच्या वरचा सिनेमा असेल तर तो दिवसाउजेडीच्या खेळाला बघा. किंबहुना मी म्हणेन, कुठलाही गंभीर सिनेमा शेवटच्या खेळाला बघूच नका. बाहेर पडलं की रात्र झालेली, घरून फोन, वाहन मिळेल की नाही याची चिंता. अशा वेळी 'छान होता' याखेरीज दुसरं काय सुचणार? सिनेमा संपल्यावर एक तास मोकळा नसेल तर तो दिवस तुमच्या कामाचा नाही, असं खुशाल समजा. एक खबरदारी: असे सिनेमे थिएटरात फार टिकत नाहीत. दुसऱ्या आठवड्यात खेळ कमी होतात आणि उरतात ते बऱ्याचदा अडनिड्या वेळचे. सोयीची वेळ हवी असेल तर पहिल्याच आठवड्यात जा.

त्या तासाचं काय करायचं? लगेच बोलू नका, हे पहिलं. नावं पडद्यावर सरकत असतात तेव्हा बसून राहा, मग थोडं चाला. डोळे पुसायचे असतील तर पुसून होतात. आणि "कसा वाटला?" हा प्रश्न तुमच्यात बंद करून टाका. त्याचं उत्तर 'छान' किंवा 'ठीक' एवढंच येतं, कारण तो सिनेमाबद्दलचा प्रश्न आहे आणि सिनेमाबद्दल बोलायचं म्हणजे परीक्षा दिल्यासारखं वाटतं. त्यात मास्तरीण समोर बसलेली! त्यापेक्षा विचारा, "यातल्या कुणाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली?" हसू येईल, पण उत्तरं ऐका. एक म्हणेल, त्या मुलीच्या भावाच्या, पैसे पाठवले की झालं वाटतं त्याला. दुसरी म्हणेल, त्या मुलीच्याच, सगळं एकटीनं करायचा अट्टहास कशाला? यात कुणाच्या घरचा भाऊ बोलतोय आणि कुणाचा अट्टहास, ते तुम्हाला आपोआप कळेल. तुमच्या तोंडून कदाचित आईचं नावही निघेल. 'घड्याळ कधी बघितलंस?' हाही प्रश्न चांगला आहे. आपण कंटाळलो की पळ काढला, हे माणसाला त्या उत्तरातूनच उमगतं. पण सक्ती नको. चौघींनी दर वेळी मन मोकळं केलंच पाहिजे असा कार्यक्रम केलात तर वाघीण पुढच्या खेपेला घरूनच निघणार नाही, आणि तिचं बरोबरच असेल.

एक्सप्रेसवर मात्र फार वेळ घालवू नका. ती धावतपळत जाते तर जाऊ द्या. काही माणसांना सिनेमा दुसऱ्या दिवशी सकाळी कळतो. तिला तेव्हा फोन करून बघा. कदाचित तिघींत सगळ्यात जास्त तीच बोलेल. आणि पुढची पाळी तिची असेल तर तीच राहू द्या. वाघिणीची समजूत काढायची म्हणून तिला पाळी बहाल करू नका. मग ती समजूतच दिसते.

'बंद करायचं का' हा निर्णय तर वाघिणीशिवाय घ्यायचाच नाही. तुम्ही तिघींनी मिळून वाघिणीला वाचवण्यासाठी काही बंद केलं, असं तिला कळलं तर तो अंगठा कायमचा समजा.

तुमच्या त्या सिनेमाबद्दलही एक सांगते. तुम्ही तो पाहिलेला नाही. मध्यंतरानंतरचा तुमचा वेळ दारावर गेला. तेव्हा तो अजून कुठे चालू असेल तर दुपारच्या एखाद्या रिकाम्या खेळाला जाऊन या, नसेल तर यथावकाश घरी बघा, अंगावर पांघरूण घेऊन, हवा तिथे थांबवत. एकटीनं, किंवा तुमच्या आईला ओळखणाऱ्या एखाद्या बहिणीसोबत, भावासोबत. काही सिनेमे मैत्रिणींबरोबर बघायचे नसतातच. आपल्याला रडायचं असतं आणि शेजारच्या तिघींना गोष्ट बघायची असते; त्यात दोन्ही बाजूंची ओढाताण होते. मैत्रिणींना नंतर सांगा, त्या ऐकतील.

आता जे तुम्ही विचारलं नाहीत ते. मास्तरणीचं ते "काय म्हणाला तो?" तुम्ही कुरबुरीत धरलंय. मला ते कानाचं लक्षण वाटतं. वयानुसार ऐकू कमी येतं ते सरसकट नाही. आधी वरच्या पट्टीचे, बारीक आवाज जातात, आणि स, श, फ यांसारखी व्यंजनं त्या पट्टीत असतात. म्हणून माणसाला आवाज ऐकू येतो पण शब्द लागत नाही. वरून पार्श्वसंगीत सुरू झालं की संपलंच. हल्लीच्या गंभीर सिनेमांत नट पुटपुटतात, त्यामुळे धडधाकट कानांनाही ताण पडतो, ते सोडा. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार साठीपुढच्या दर चार माणसांत एकाहून जास्त जणांना अडचण व्हावी इतकं कमी ऐकू येतं. तुम्ही चौघी आहात, हिशेब करा. जिला शब्द लागत नाहीत ती एकतर गप्प बसते किंवा अधिकारवाणीनं बोलत राहते, म्हणजे ऐकायची वेळ येत नाही. तुमची मास्तरीण कॉलेजपासून अशीच असेल, पण सिनेमाभर विचारत राहणं नवं असेल तर लक्ष द्या.

तोवर सबटायटल असलेला खेळ निवडा, सिनेमा आपल्याच भाषेतला असला तरी. संवाद मुख्यतः पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात, तेव्हा तिला रांगेच्या मधोमध, पडद्यापासून दोनतृतीयांश अंतरावर बसवा. कडेच्या खुर्च्या तशाही आता दुसऱ्या दोघींसाठी राखीव आहेत. काही थिएटरांत कमी ऐकू येणाऱ्यांसाठी हेडफोन मिळतात, खिडकीवर विचारावं लागतं. आणि कानांची तपासणी करून घ्या. "तुला ऐकू येत नाही" असं म्हणालात तर ती उसळेल. "मला हल्ली संवाद नीट लागत नाहीत, चल ना माझ्याबरोबर, दोघी तपासून घेऊ" असं म्हणा. वेळ तुम्हीच ठरवा आणि सोबत जा. एकटीला पाठवलंत तर ती डॉक्टरांनाच शिकवून परत येईल.